उत्पत्तीचं पहिलं पान: आम्ही थांबतो त्याच्या पुढचं एक वचन

वसईची_नागपूरकर

माझं माहेर वसई, गेली सत्तावीस वर्षं मुक्काम नागपूर. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत आमच्या चर्चमध्ये मराठी वाचन बहुतेक माझ्याकडे असतं. ज्यांनी हा विधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री चर्चच्या आवारात आगटी पेटवतात, तिच्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावून अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात आणि त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या लागत जातात. मग जुन्या करारातली वाचनं सुरू होतात आणि त्यातलं पहिलं म्हणजे बायबलचं पहिलंच पान. ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली.’ आपल्याकडचा तो उकाडा, पंखे मेणबत्त्यांपायी बंद, आणि सहा दिवसांची ती ओळ पुन्हा पुन्हा येते: संध्याकाळ झाली, सकाळ झाली. मला ते वाचन तोंडपाठ आहे असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या डिसेंबरात माझी ठाण्याची मैत्रीण एका लग्नासाठी नागपूरला आली आणि माझ्याकडेच उतरली. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. शुक्रवारी सकाळीच तिने पिशवीतून काळ्या मनुका काढल्या, धुतल्या आणि स्टीलच्या डब्यात भिजत घातल्या. संध्याकाळी त्या हाताने कुस्करल्या, मलमलच्या फडक्यातून गाळल्या आणि ते सरबत एका पेल्यात ओतलं. दोन मेणबत्त्या लावल्या. पेला उजव्या तळहातावर धरून तिने हिब्रूत म्हणायला सुरुवात केली. मी हळूच विचारलं, काय म्हणतेयस? ती म्हणाली, ‘तुझंच बायबल उघड. उत्पत्ती, पहिल्या अध्यायाचे शेवटचे शब्द, तिथून पुढे वाच.’

मी बोट ठेवून वाचत गेले. सहावा दिवस. आकाश व पृथ्वी सिद्ध झाली. सातव्या दिवशी देवाने विश्राम केला. इथे माझं बोट आपोआप थांबलं. ईस्टरच्या रात्री मी इथेच थांबते. आमच्या कॅथलिक वाचनमालेत हे वाचन उत्पत्ती १:१ ते २:२ असं ठरलेलं आहे. मैत्रीण मात्र थांबली नव्हती, ती आणखी एक वचन म्हणत होती. २:३: देवाने सातव्या दिवसाला आशीर्वाद दिला आणि तो पवित्र ठरवला.

इतकी वर्षं वाचते आहे, पण त्या एका वचनाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिच्यासाठी अख्खी गोष्ट त्या वचनाशी येऊन टेकते, कारण त्याच्या जोरावरच दर शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, सुरू होतो. कोकणात तिच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणायचे, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. अलिबागकडच्या खेड्यातल्या शेजाऱ्यांनी तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) कधी पाहिली नसेल, पण उत्पत्ती २:३ त्यांना तेल्याच्या बंद घाण्यावरून कळत होतं!

आमच्याकडे ती गोष्ट सातव्या दिवसाऐवजी पहिल्या दिवसाशी जोडली गेली. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आम्ही रविवारी जमतो, कारण या दिवशी देवाने अंधार बदलून जग घडवलं आणि याच दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. ‘प्रकाश होवो’चा दिवस तो रविवार. म्हणून हे पान आम्ही ईस्टरच्या रात्री, नव्या ज्योतीच्या उजेडात वाचतो. ज्यू लोक तेच पान सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरावाचनाचं वर्ष पुरं झाल्याचा सण, झाल्यावर येणाऱ्या शब्बाथला वाचतात. मोशेच्या मृत्यूचं शेवटचं पान संपलं की पुन्हा पहिलं.

आणखी एक. अध्यायांचे हे आकडे मूळ हिब्रूत नाहीत. ही विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या ख्रिस्ती पंडिताने केली असं मानतात. त्यात सहा दिवस एका अध्यायात गेले आणि सातवा कापून दुसऱ्यात पडला. साध्या आकड्यांनीसुद्धा वाचायची सवय लागते.

हा धागा काढण्याचं कारण हेच. ‘बायबलमध्ये असं लिहिलंय’ म्हणून आपण जे ठामपणे सांगतो, त्यातलं किती खरंच लिहिलेलं आहे आणि किती आपल्या आजी-आजोबांनी, धर्मगुरूंनी वाचून ठेवलेलं आहे? आदाम-हव्वेने खाल्लेलं सफरचंदच घ्या. उत्पत्तीत सफरचंद नाही, फक्त ‘फळ’ आहे. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट हे दोन्ही शब्द ‘मालुम’ असे सारखेच लिहिले जातात आणि युरोपातल्या चित्रकारांनी तेच फळ पक्कं केलं. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, मात्र वाद आहे: एक म्हणतो द्राक्षवेल, दुसरा अंजीर, तिसरा चक्क गहू. मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या वचनांवरच्या टीका-कथांत, आणखी एक मत आहे, एत्रोग. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. संत्र्याच्या थोरल्या भावंडांपैकी एक!

जेवणानंतर मी मैत्रिणीपुढे संत्री ठेवली. सोललेली पहिली फोड तोंडात टाकण्याआधी ती पुटपुटली, ‘बोरे पेरी हाएत्स’, झाडाचं फळ निर्माण करणारा. तिने दाखवलं की यातला ‘बोरे’ आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या शब्दातला ‘बारा’ हा एकच धातू. तिथे भूतकाळ, इथे वर्तमान. तालमूदमधला तो झाडाचा वादही फळांवरच्या या प्रार्थनांच्या चर्चेतच येतो.

जाणकारांनी भर घालावी.

---

खडकवाचक

वाचनखूण साठवली. माझं नोकरीतलं बरंच आयुष्य सेमिनरी हिल्सवर गेलं, म्हणून थोडं लिहितो. त्या टेकडीला ज्या सेमिनरीवरून नाव पडलं, तिथे धर्मगुरू घडतात आणि त्याच टेकडीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालयही आहे. दोन्हीकडे ‘सुरुवात’ हाच विषय.

आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे तो स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला तो स्कॉटिश मिशनरी म्हणून, पण इथले खडक आणि जीवाश्म त्याने झपाटल्यासारखे गोळा केले. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातले शिंपले, वनस्पतींचे अवशेष, कामठीकडच्या वालुकाश्मातली पानं. त्याचा आणि सहकारी हंटरचा नागपूरच्या भूरचनेवरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला.

सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाची सुरुवात इ.स.पू. ४००४ ठरवली होती आणि पुढे ते साल इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं जायचं. मग मिशनरी असून हिस्लॉपसारखा माणूस हे कसं जुळवत असेल? त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण तो ज्या फ्री चर्चचा, त्याचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांनी १८१४ मध्येच मांडलं होतं की पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये हवा तेवढा काळ गेला असू शकतो.

आणि ही तडजोड फक्त विज्ञानाच्या धाकाने झाली असंही नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग पहिले तीन ‘दिवस’ कसले, हा प्रश्न ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताला पाचव्या शतकातच पडला होता. त्याचं मत असं की देवाने सगळं एकाच क्षणी निर्मिलं आणि सहा दिवस ही समजून घेण्यासाठीची मांडणी आहे. आकाश-पृथ्वीबद्दल अडाणी विधानं करून आणि वर शास्त्राचा हवाला देऊन ख्रिस्ती माणसाने इतरांपुढे शोभा करून घेऊ नये, असंही त्याने बजावलं आहे. नोकरीत असताना हे वाक्य मला फार आधार देऊन गेलं.

---

ऋचा_पाठ

छान धागा. मी संस्कृतची विद्यार्थिनी. नासदीय सूक्त वाचताना प्रश्न येतो की आधी काय होतं, सत् की असत्? बायबलात देवाने ‘काहीही नसताना’ निर्माण केलं असं म्हणतात, ते पहिल्या वचनात स्पष्ट लिहिलेलं आहे का?

---

वसईची_नागपूरकर

@ऋचा_पाठ, नाही, तेवढं स्पष्ट नाही. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

पहिला शब्द ‘बेरेशीथ’. त्याचं ‘प्रारंभी’ असं भाषांतर आम्हाला सवयीचं. पण अकराव्या शतकातला फ्रान्समधला राशी, ज्याची टीका आजही ज्यू मुलं पहिल्यांदा शिकतात, म्हणतो की व्याकरणाने हा शब्द सुटा उभा राहत नाही. त्याला पुढे ‘कशाच्या’ लागतं. म्हणून अर्थ असा: ‘देव आकाश व पृथ्वी निर्माण करू लागला तेव्हा, पृथ्वी ओसाड व रिकामी असताना, देव म्हणाला, प्रकाश होवो.’ असं वाचलं तर पहिलं काम प्रकाशाचं, आणि पाणी-अंधार हे आधीपासून होते का, ते हे वचन सांगतच नाही.

शून्यातून निर्मिती हा विचार ठामपणे येतो तो ख्रिस्ती लेखकांत दुसऱ्या शतकात, अँटिओकचा थिओफिलस आणि आयरेनियस यांच्याकडे. ज्यूंमध्येही पुढे मायमोनिडीसने तो उचलून धरला. पण चौदाव्या शतकातल्या गर्सोनिडीसने निराकार द्रव्यातून जग घडलं असं मांडलं आणि तरी तो ज्यू परंपरेबाहेर पडला नाही.

मिद्राशातलं एक मला फार आवडतं. तोरा ‘बेथ’ या अक्षराने का सुरू होते? हे अक्षर तीन बाजूंनी बंद आणि पुढच्या बाजूने उघडं असतं. वर काय, खाली काय, आधी काय हे विचारत बसू नकोस, इथून पुढे चल.

---

सदर_बाजार

मी प्रोटेस्टंट, सदरच्या चर्चमध्ये वाढलो. ताई, तुमचा धागा मनापासून वाचला. पण एक गोष्ट आमच्या बाजूनेही नीट मांडली जावी असं वाटतं.

ख्रिस्ती माणूस उत्पत्ती एकटी वाचूच शकत नाही. योहानाचं शुभवर्तमान त्याच शब्दाने सुरू होतं, ‘प्रारंभी शब्द होता’. हे वाचून झालेला माणूस परत मागे गेला की ‘देव बोलला’ यात त्याला ख्रिस्त ऐकू येतो, पाण्यावरच्या ‘रूआख’मध्ये पवित्र आत्मा दिसतो, आणि ‘आपण आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू’ या अनेकवचनात त्र्यैक्य. रूआखचा अर्थ वाराही होतो, हे मला ठाऊक आहे. पण आमचं वाचन शेवटाकडून सुरुवातीकडे येतं. घरातला मुलगा मोठा होऊन काय झाला हे कळल्यावर आई त्याचं बालपण जसं आठवते, तसं. त्यात खोटेपणा नाही.

प्रेषित पौल आदामाबद्दल लिहितो तेही असंच. त्याला आधी दुसरा आदाम, म्हणजे ख्रिस्त भेटला. मग पहिल्या आदामाने काय गमावलं ते कळलं.

---

ठाण्याची_ओवी

मीच ती मनुकावाली. मैत्रिणीने लिंक पाठवली म्हणून खास सभासद झाले.

सदरचे दादा, तुमचा आईचा दाखला मला पटला. आमचं वाचन वेगळं आहे एवढंच सांगते.

‘आपण करू’ हे अनेकवचन आमच्या लोकांनाही टोचलं होतंच. मिद्राशात आहे, मोशे तोरा लिहिता लिहिता या वचनाशी थबकला आणि म्हणाला, प्रभू, वाद घालणाऱ्यांना हे आयतं सापडेल. देव म्हणाला, तू लिही, चुकायचं त्याला चुकू दे. राशी म्हणतो की देवाने देवदूतांचा सल्ला घेतला, मोठ्याने लहानाला विचारावं ही रीत शिकवण्यासाठी. पण त्याच्या पुढच्याच वचनात क्रियापद एकवचनी आहे, ‘देवाने निर्माण केला’, तेही तो दाखवतो.

आता पाप. आमच्याकडे सकाळी उठल्यावर म्हणतात: ‘देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे.’ रोज म्हणतात. आदामाने आज्ञा मोडली, बाग गेली, मरण आलं, हे सगळं आम्ही मानतो. मूल पापात जन्मतं हे मात्र नाही. माणसात दोन ओढी असतात, चांगली आणि वाईट. रब्बींना हे एका शब्दात दिसलं: देवाने माणूस ‘घडवला’ हे क्रियापद उत्पत्ती २:७ मध्ये दोन ‘योद’ अक्षरांनी लिहिलंय. आणि एक मिद्राश तर म्हणतो की सहाव्या दिवशीचं ‘फार चांगलं’ हे त्या वाईट ओढीबद्दलच आहे, कारण ती नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता.

माझी आजी अशिक्षित होती, पण हे तिला ठाऊक होतं. आम्ही भांडलो की म्हणायची, ‘ओढ वाईट नाही गं, लगाम कुठाय ते बघ.’

---

वसईची_नागपूरकर

मूळ पापाबद्दल, म्हणजे मूल पापातच जन्मतं या शिकवणीबद्दल, आमच्याकडचंही एक सांगायला हवं. रोमकरांस पत्र ५:१२ ची जी लॅटिन प्रत ऑगस्टीनसमोर होती, तिच्यात ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ निघत होता. ग्रीकमध्ये ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा लागतो. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने आदामापासून मरण आणि दुबळेपणा वारशात आला असं मानलं, दोष वारशात येतो असं नाही. म्हणजे ‘ख्रिस्ती वाचन’ म्हणूनही एकच काही नाही. अर्थात ज्यूंचंही नाही. हव्वेला भुलवणाऱ्या सर्पाचा मळ मानवजातीला लागला, असं मत तालमूदमध्येसुद्धा आहे.

सर्पावरून आठवलं. तो सैतान होता असं उत्पत्तीत कुठेही नाही. तिथे तो रानातल्या प्राण्यांमधला सगळ्यांत धूर्त एवढंच. तो ‘जुना सर्प’ म्हणजे सैतान, हे प्रकटीकरणात, बायबलच्या दुसऱ्या टोकाला येतं.

---

उंबरठा

हव्वेला आदामाच्या बरगडीतून घडवलं, त्या बरगडीचं काय? लग्नात पाद्रीसाहेबांनी ते वाचलं तेव्हा मी नवरी होते आणि मला वाईट वाटलं होतं. अजून विसरले नाही.

---

ठाण्याची_ओवी

उंबरठा ताई, हिब्रूत शब्द आहे ‘त्सेला’. तोच शब्द पुढे निर्गमात निवासमंडपाच्या (देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) ‘बाजू’साठी येतो. म्हणून एक रब्बी म्हणतो की पहिला मानव दोन तोंडांचा, स्त्री-पुरुष एकत्र असा होता आणि देवाने त्याला पाठीतून चिरून दोन केलं. दुसरे म्हणाले, बरगडीच. तर तो म्हणाला, नाही, बाजू, बघा मंडपाची बाजू. आणि ‘साहाय्यक’ म्हणून जो ‘एझेर’ शब्द बाईसाठी वापरलाय, तोच स्तोत्र १२१ मध्ये देवासाठी आहे, ‘माझं साहाय्य परमेश्वराकडून येतं’ त्यात.

वाईट बाजूही सांगते. बाईला उणं ठरवणारी वचनं रब्बींच्या वाङ्मयातही आहेत.

---

सदर_बाजार

आणि आमच्याकडे तीमथ्याच्या पत्रात, ‘आदाम आधी घडवला, मग हव्वा’. त्याचा वापर कसा झाला हे मी घरातच पाहिलंय. उंबरठा ताई, तुम्हाला वाईट वाटलं ते योग्यच होतं.

---

इंदोरा_१४

मी बौद्ध. आमच्याकडे निर्माताच नाही. मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत की अशाश्वत असं विचारलं तेव्हा बुद्धाने बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला: बाण कोणी मारला, कोणत्या धनुष्याने, हे कळेपर्यंत तो उपटूच द्यायचा नाही म्हणाल तर मरून जाल. म्हणून या धाग्यावर मी फक्त वाचून राहिलो होतो.

पण एक विचारायचं आहे. निर्मितीच्या गोष्टीने समाजात कोणाला कुठे बसवलं, हे मी आधी बघतो. पुरुषसूक्तात तोंड, बाहू, मांड्या आणि पाय आहेत. त्याचं पुढे काय झालं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या या गोष्टीचं काय झालं?

---

ठाण्याची_ओवी

दादा, मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंहितेत, याचं थेट उत्तर आहे. प्रश्न असा की देवाने सुरुवातीला एकच माणूस का केला? उत्तर: म्हणजे कोणी दुसऱ्याला म्हणू नये की माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा. आणि पुढे: माणूस एका साच्यातून पुष्कळ नाणी पाडतो, ती सगळी सारखी निघतात. देवाने सगळी माणसं आदामाच्या एका साच्यातून पाडली, पण कोणी कोणासारखं नाही. म्हणून प्रत्येकाने म्हणावं, जग माझ्यासाठी निर्माण झालं.

हे कुठे येतं माहीत आहे? मृत्युदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना ताकीद देताना. एक जीव घालवलास तर अख्खं जग घालवलंस, हे त्यांना आधी ऐकवायचं आणि मग साक्ष घ्यायची.

---

वसईची_नागपूरकर

@इंदोरा_१४, आमच्याकडे प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्समध्ये म्हणतो की देवाने एकापासूनच सगळी राष्ट्रं केली. लिहिलेलं आहे. पण याच उत्पत्तीतल्या नोहाच्या शापाचा आधार घेऊन अमेरिकेत गुलामगिरीचं समर्थन ख्रिस्ती लोकांनीच केलं, आणि जात भारतातल्या चर्चमध्ये शिरली, दफनभूमीपर्यंत. तुमच्या प्रश्नाला याहून बरं उत्तर माझ्याकडे असतं तर दिलं असतं.

---

इंदोरा_१४

माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा नाही, हे लिहून घेतलं. मुलीला दाखवतो. धन्यवाद ताई.

---

ऋचा_पाठ

अवांतर: ‘देवाने सातव्या दिवशी काम संपवलं’ आणि ‘विश्राम केला’, हे एकाच वचनात कसं? काम सहाव्या दिवशी संपायला हवं ना?

---

ठाण्याची_ओवी

अगदी! ग्रीक भाषांतरात तर तिथे ‘सहाव्या दिवशी’ असंच आहे. हिब्रूत मात्र सातवा. राशी म्हणतो, सहा दिवसांनंतर जगात काय कमी होतं? ‘मेनुखा’, विसावा. शब्बाथ आला, विसावा आला, तेव्हा काम पुरं झालं. म्हणजे विसावा हीसुद्धा निर्मितीच, शेवटची.

---

वसईची_नागपूरकर

हे मला त्या रात्री सांगितलं नव्हतंस.

काल आमच्या फादरांना विचारलं, जागरणाचं वाचन २:२ वर का थांबतं. ते म्हणाले, वाचनमाला आपण बदलू शकत नाही, तू तिथेच थांब. पण त्यांनी इब्रीकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडून दिला. तिथे देवाचा विश्राम अजून शिल्लक आहे असं लिहिलंय. रविवारी घरच्या प्रार्थनेत मी तो आणि २:३ एकामागून एक वाचणार आहे.

---

उंबरठा

मनुकांच्या सरबताचं प्रमाण मिळेल का?

---

ठाण्याची_ओवी

चार माणसांना वाटीभर काळ्या मनुका, दोन वाट्या पाणी. बिया असतील तर असू देत, गाळताना निघतात. सकाळी भिजवायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या. मिक्सर नको, कडवट होतं. साखर घालायची नाही. गाळून सूर्य मावळायच्या आत पेल्यात तयार ठेवायचं.